बाळंतिणीवर टाकलेला गळ

मासा साहेबानं मारला आणि गुन्हा लक्कव्वाच्या नावावर लिहिला. साहेबाला हे ठाऊक आहे, त्याच्या ड्रायव्हरला ठाऊक आहे, मासेमारी खात्याच्या कचेरीतल्या टायपिस्टालाही ठाऊक आहे. पावसाळ्याचे दोन महिने तळ्यात गळ नाही, जाळं नाही, हा हुकूम त्याच्याच सहीनं निघालेला. त्याच बंदीत, पिल्लं राखत असलेली तीन किलोची मरळ त्यानं हसत हसत वर ओढली, घरी नेली, खाल्ली. आणि मग त्याच तोंडानं 'अवैध मासेमारी' असे शब्द टाइप करायला सांगितले आणि खाली एका साठीच्या बाईचा अंगठा घेतला. तळ्यातला मासा राखायचा म्हणून ज्याला पगार मिळतो, त्याचा हा कारभार.

त्या कागदावर साक्षीदाराची एक वळणदार सही आहे. ती बाळाप्पाची.

बाळाप्पा हुबळीच्या गोकुळ रोडवर एका वर्कशॉपात तीस वर्षं लेथ चालवतो. हात असा की मालकाचा मुलगा माप घेऊन बघतो आणि गप्प माप खिशात ठेवतो. तरी हाक मात्र 'ए बाळ्या' अशीच. त्याला माणसासारखी हाक मिळायची ती रविवारी, तळ्यावर. कलघटगीच्या वाटेला मोठा रस्ता सोडून आत वळलं की हुणसीकेरे नावाचं जुनं तळं आहे. तिथं गळ टाकायला येणारी कॉलेजची पोरं, बँकेतले कारकून, रिटायर झालेले मास्तर, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. कुणाचं रीळ अडकलं, कुणाच्या काठीची कडी तुटली, की चला बाळाप्पाकडे.

तो वर्तमानपत्र पसरून रीळ उघडायचा आणि बोलत राहायचा.

"तेल एक थेंब. दुसरा घातलास की धूळ धरतंय. मशीनचं तेल घाल, खोबरेल घालालास? रीळ हाय की तुझ्या बायकोचा अंबाडा?"

गळाचं टोक नखावर टेकवून दाखवायचा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याची, गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करायला लावायचा, कोरडी आवळली तर ती स्वतःच्याच घासण्यानं जळते म्हणून. गळाचा उलटा काटा तो पकडीनं दाबून सपाट करून द्यायचा. एखादा कुरकुरायचा, "अण्णा, मग मासा सुटेल की."

"सुटू दे. तुला बाजार मांडायचाय काय? लहान मासा सोडायचा झाला तर त्याचा जबडा तरी फाटणार नाही. आणि धरायच्या आधी हात ओले कर. त्याच्या अंगावरचा चिकटा म्हणजे त्याची कातडी. कोरड्या हातानं पुसलास तर सोडूनसुद्धा मारलास."

पण सगळ्यात वरचा नियम त्याचा नव्हे, लक्कव्वाचा. लक्कव्वा तळ्याकाठच्या पाच-सहा घरांतली. नवरा गेल्यावर बांबूच्या काठीनं बारीक मासा धरून कलघटगीच्या बाजारात विकायची आणि त्यावर चालायची. कचेरीचा पास होता तिच्याकडे, फोटोवाला. बंदीचे दोन महिने ती काठी छपराला खोचून रानभाजी विकायची. कुणी बघायला नसलं तरी.

पावसाळ्यात मरळीला पिल्लं होतात. तळहाताएवढा लालभडक घोळका पाण्यावर येतो, उकळी फुटल्यासारखा खदखदतो, बुडतो, पुन्हा येतो. खाली नर-मादी पहारा देतात. या घोळक्यावर गळ लावलेला रबरी बेडूक फेकला की मरळ चवताळून झेप घेते. भूक नसते तिला. पिल्लांवर काय पडलं म्हणून येते. त्या वेळी आंधळ्यानं गळ टाकला तरी लागते, आणि मरळ उचलली की पिल्लं संध्याकाळच्या आत बगळ्यांच्या आणि चिलापी माशांच्या पोटात. गळ टाकणाऱ्यांत ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात नीच शिकार.

लक्कव्वा त्या मरळीला बाळंतीण म्हणायची. लाल घोळका दिसला की समोरच्या काठावर फडकं बांधलेली काठी रोवायची. पिल्लांची लाली उतरून ती काळी पडली की काठी काढायची. काठी आहे तोवर तिथं कुणी खडासुद्धा टाकायचा नाही. हे कुठल्या कायद्यात नाही, पण हुणसीकेरेवर ते कायद्याहून कडक पाळलं जायचं, आणि नव्या पोरांना ते दरडावून सांगायचं काम बाळाप्पाचं. एकदा एका इंजिनियरचा गळ त्यानं काठीपाशी पडलेला पाहिला आणि भर लोकांत म्हणाला, "बाळंतिणीवर हात टाकणारा आणि तू, दोघं एका पंगतीचे."

हे वाक्य तो इंजिनियर विसरला असेल. बाळाप्पा या जन्मी विसरणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात साहेबाची जीप वर्कशॉपच्या फाटकात येऊन थांबली. सरकारी जीप आली की आधी 'कुणाला न्यायला आली?' असं बघायची सवय बाळाप्पाच्या वस्तीतल्या लोकांना तीन पिढ्यांची. साहेब खाली उतरला, आणि लेथवरच्या, हात काळे झालेल्या माणसासमोर हात जोडून म्हणाला, "बाळाप्पाजी, तुम्हीच ना? तुमचं नाव फार ऐकलंय. आम्हाला तुमच्यासारख्या जाणकाराची गरज आहे."

बाळाप्पाजी! मालकाच्या मुलानं खुर्ची आणून दिली. महिन्याभरात 'तलावमित्र' असं छापलेलं, प्लास्टिकात बंद केलेलं ओळखपत्र आलं, फोटोसकट. त्यानं ते गळ्यात घालून आरशात पाहिलं. बायको अनसूया दारात उभी होती.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "कापायच्या आधी बोकडालाबी हार छान दिसतोय."

"तुला कशाचंच कौतुक नाही."

"कौतुक हाय. तुम्ही ते गळ्यातलं काढून जेवायला बसला तर आणखी वाटेल."

मग बंदी सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात साहेबाचा फोन आला. तळ्याची तपासणी आहे, काठी-रीळ घेऊन या. तपासणीला काठी कशाला, हे बाळाप्पाला कळलं नाही असं नाही. लेथवर अर्ध्या सुताचा फरक कळणाऱ्याला एवढं कळतंच. पण जीप वस्तीत घ्यायला आली होती, शेजारचे बघत होते, आणि तो पुढच्या सीटवर बसला.

तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. लक्कव्वा भाजी घेऊन बाजारला गेलेली. साहेबानं तासभर गळ टाकला. काही नाही. हात दुखले, घाम आला, बुटात चिखल गेला. साहेबानं घड्याळ बघितलं, ड्रायव्हरकडे बघून हसला आणि म्हणाला, "काय गुरुजी, नाव मोठं ऐकलं होतं तुमचं."

बस. एवढ्यावर माणूस विकला गेला. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. एक हसू, तेसुद्धा ड्रायव्हरकडे बघून. तेवढं त्याला सोसलं नाही.

"या माझ्या मागनं," बाळाप्पा म्हणाला.

लव्हाळ्याजवळ काठी होती. फडकं वाऱ्यावर हलत होतं. तो चार पावलं पुढं गेला, वाट साफ करतोय असं दाखवत वाकला, काठी उपटली आणि गवतात आडवी केली. साहेबानं विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, आणि सांगितल्यावर टाकता आलं नसतं. म्हणून आधीच आडवी केली. स्वतःच्या हातानं घडवलेला रबरी बेडूक त्यानं साहेबाच्या हातातल्या दोऱ्याला बांधला, गाठ थुंकीनं ओली केली, अगदी नियमानं. आणि बोट दाखवलं.

"तिथं. लाल दिसतंय ना, त्याच्या पलीकडे टाका आणि वरनं ओढत आणा."

पहिल्याच फेकीला पाणी फुटलं. साहेब किंचाळला, हसला, रीळ उलटं फिरवायला लागला. बाळाप्पानंच गळाची काठी सांभाळली आणि मासा काठावर घेतला. मादी होती. फोटोही बाळाप्पानंच काढला. साहेबाच्या मागं पाण्यावर लाल पिल्लं सैरावैरा फुटली होती, नर बिथरून नाहीसा झाला होता. बाळाप्पानं मोबाईल थोडा तिरका धरला, म्हणजे ते फोटोत येऊ नये.

जीप पुढं काढायला ड्रायव्हर गेला तेव्हा बाळाप्पानं गवतातली काठी उचलून पुन्हा होती तिथं रोवली.

चार दिवसांनी लक्कव्वा त्याला भेटली. "अण्णा, पिल्लं दिसंनात. लाली उतरली नव्हती अजून. बगळ्यानं नेली काय की."

"असेल," बाळाप्पा म्हणाला.

"दोघं असताना बगळा कसा नेईल?"

"नेतो कधी कधी."

तीस वर्षं लोकांना मासा शिकवणाऱ्यानं असं उत्तर दिलं. आणि तिनं ते मान हलवून घेतलं, कारण माशातलं बाळाप्पाला जास्त कळतं असं तीच सगळ्यांना सांगायची.

साहेबाला फोटो पचला नाही. त्यानं तो मित्रांना पाठवला, मित्रांनी पुढं पाठवला, आणि कुणीतरी वरच्या कचेरीत तक्रार केली की बंदीत मासा मारून हा अधिकारी मिरवतोय. वरून खुलासा मागितला. साहेबाचं डोकं अशा वेळी तेज चालतं. मासा मारलेला नाही, पकडून जप्त केलेला आहे! फोटो म्हणजे जप्तीचा पुरावा. आता जप्ती म्हटली की गुन्हेगार लागतो. तळ्यावर राहणारं, मासा धरणारं, वाचता न येणारं कोण? लक्कव्वा.

बाळाप्पाला कचेरीत बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. थोड्या वेळानं लक्कव्वाला आणलं. दारात ती बिचकून उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी धरून. मग आत बाळाप्पा बसलेला दिसला आणि तिचा चेहरा सैल झाला.

"पासाचं काम आहे, अंगठा द्या," साहेब म्हणाला.

तिनं बाळाप्पाकडे बघितलं. बाळाप्पानं कपात बघितलं. तिनं अंगठा दिला, पास टेबलावर ठेवला आणि गेली.

मग कागद बाळाप्पासमोर आला. त्यानं वाचला. बंदीच्या काळात लक्कव्वा हिनं मरळ मासा पकडला, मासे हेरण्यासाठी काठावर फडक्याची खूण रोवली होती, ती खूण साक्षीदारानं ओळखली.

"साहेब, ती खूण राखणीची..."

"बाळाप्पाजी," साहेब मऊ आवाजात म्हणाला, "काठी-रीळ तुमचं. बेडूक तुमचा. जागा दाखवली तुम्ही. मी काय सांगायचं मग वर? म्हातारीला काय, पास वर्षभर बंद होईल, फार तर. तुमची नोकरी आहे."

बाळाप्पानं सही केली. वळणदार.

पुढच्या रविवारी लक्कव्वा त्याच्या दारात. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात नोटीस आणि कचेरीतल्या त्या कागदाची नक्कल, आणि अनसूयेसाठी पालेभाजीची जुडी.

"अण्णा, हे वाच की. पोस्टमन म्हणालाय पास काढून घेतलाय. बाजारात मला शेजारची बसू देईना. 'चोरटी' म्हणाली." ती ओट्यावर टेकली. "मी काय चोरलं? येनु माडीनी नान? काय केलं मी?"

कागद कन्नडमध्ये होता. बाळाप्पा एकेक ओळ वाचून तिला सांगत गेला. मासा पकडला, इथपर्यंत ती ऐकत होती. काठीची ओळ आली तेव्हा उठून उभी राहिली.

"माझी काठी? राखायची काठी? ती मी मारायला रोवली म्हणतोय?"

"असं लिहिलंय."

"शुक्रवारी बोलावलंय? मग मी सांगते. तू चल माझ्यासंगं. तू सांगितलास तर ऐकतील." तिनं कागदावर बोट ठेवलं. "ही खाली सही साहेबाची?"

"हो."

"आणि ही दुसरी?"

अनसूया चहा घेऊन आली होती, तिचं लक्ष कागदावर गेलं. तिला वाचता येतं.

"कचेरीतला कुणी असेल," बाळाप्पा म्हणाला.

"तू होतास की तिथं बसलेला. तू होतास म्हणून तर मी काही विचारलं नाही. अण्णा बसलाय म्हटलं, वाकडं काय होणार?" लक्कव्वानं चहा घेतला, बशीत ओतला, फुंकर घातली. "जाऊ दे. शुक्रवारी बघू."

ती गेली. अनसूया रिकामी कपबशी हातात घेऊन तशीच उभी.

"बोल काय बोलायचं ते," बाळाप्पा म्हणाला.

"मी काय बोलू? तुम्ही बोलला की. कचेरीतला कुणी."

रात्री त्यानं ताट सरकवलं. तिनं ते पुन्हा त्याच्यापुढं ढकललं.

"खावा. तुम्ही उपाशी झोपला म्हणून तिचा पास परत येणार नाही. आणि तोंड पाडून बसू नका. कुणीतरी येऊन 'असू दे, होतं असं' म्हणावं, याची वाट बघालाय तुम्ही. मी नाही म्हणणार."

"नोकरी जाईल अनसूया. केस होईल."

"होईल. भाजी मीपण विकते मग, तिच्या शेजारी बसून. तिथं जागा रिकामीच हाय आता, तिला कोण बसू देत नाही म्हणून."

चार दिवस तो लेथवर उभा होता आणि चार दिवसांत तीन तुकडे बिघडवले. मालकाचा मुलगा म्हणाला, "काय रे बाळ्या, डोळे गेले काय?" त्याला पहिल्यांदाच ती हाक बरोबर वाटली. गुरुवारी संध्याकाळी त्यानं दोन पानं लिहिली. आधी साहेबाविषयी खूप लिहिलं. मग वाचून बघितलं तर त्यात स्वतः कुठं नव्हताच. फाडून टाकलं. दुसऱ्यांदा सुरुवात केली: काठी मी उपटली.

शुक्रवारी कचेरीत लक्कव्वा बाकावर बसली होती, पदराला गाठ मारत, सोडत. बाळाप्पा दिसताच सरकून जागा केली. तो बसला नाही. तिच्या शेजारी बसायला पाय वळेनात.

"या, बाळाप्पाजी, चहा सांगू?" आतून साहेब म्हणाला.

"नको. उभाच बरा आहे." आत जाऊन त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि मोठ्यानं सांगायला लागला, म्हणजे बाहेरच्या बाकांवरच्यांनाही ऐकू जावं. बंदी आहे हे मला माहीत होतं. पिल्लं दिसत होती. काठी मी उपटली, बेडूक मी बांधला, जागा मी दाखवली, मासा साहेबांनी ओढला, फोटो मी काढला. या बाईचा त्यात केसाइतकाही संबंध नाही. ती त्या दिवशी बाजारात होती. कागदावरची सही माझी, आणि ती खोटी साक्ष आहे.

टायपिस्टाची बोटं थांबली. साहेब खुर्चीत मागं रेलला.

"गुन्हा तुमच्यावर होईल, समजतंय ना? तुम्हा लोकांना जरा मान दिला की असं होतं."

"होऊ दे. माझं मी लिहून दिलंय. तुमच्या हुकुमाखाली तुमची सही, तुमच्या पोटात मासा. तुम्ही काय लिहून देताय?"

साहेबानं कागद दोन बोटांनी उचलला आणि बाजूला ठेवला.

मध्येच टायपिस्ट उठला. पन्नाशीचा, पडेल खांद्यांचा माणूस. त्यानं तो कागद घेतला, आवक शिक्का मारला, तारीख घातली आणि खाली बघतच म्हणाला, "साहेब, साक्ष फिरली की पास अडवता येत नाही. चौकशी होईपर्यंत परत द्यावा लागतो." ड्रॉवर उघडून त्यानं लक्कव्वाचा पास काढला. साहेब खिडकीकडे बघत राहिला.

लक्कव्वा टेबलाशी आली. पास घेतला, फोटो आपलाच आहे ना ते बघितलं आणि कमरेच्या पिशवीत घातला. बाळाप्पाला वाटलं, आता ती निघेल. निदान एवढं तरी होईल, की ती न बोलता निघेल.

ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

"मासा गेला. पिल्लं गेली. ती काय परत यायची नाहीत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "साहेब खोटा, ते मला ठाऊक होतं. तो कोण माझा? पण मी अंगठा टेकवत होते तेव्हा तू या खुर्चीवर बसला होतास. माझ्याकडे बघितलास आणि परत कपात बघितलास. मी घरी आले तेव्हाबी माझ्यासमोर कागद धरून बसलास. दोन वेळा झालं. का उठला नाहीस?"

बाळाप्पानं मान खाली घालून टेबलावरच्या आपल्या कागदाकडे बघितलं. हे त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"खाली काय बघालास? मी तुला विचारालेय. सगळी ऐकालीत. सांग की."